पहिला जॅझ अल्बम : चौघांनी एकाच खोलीत वाजवायचं की वेगवेगळ्या?

पाचवी_पट्टी

नमस्कार मंडळी,

आमचं क्वार्टेट आहे. टेनर सॅक्सोफोन, पियानो (मी), डबल बेस आणि ड्रम्स. बरीच वर्षं एकत्र वाजवतोय आणि आता पहिला अल्बम करायचं नक्की झालंय. आठ रचना आहेत, सहा आमच्या आणि दोन जुन्या स्टँडर्ड (सगळेच जॅझवाले वाजवतात अशा चाली). तालमी जोरात चालू आहेत.

गाडी अडलीय ती एका मुद्द्यावर. ज्यांच्याकडे रेकॉर्डिंग करायचं घाटतंय ते म्हणतात, चौघांना चार वेगळ्या बूथमध्ये बसवू, हेडफोनवर एकमेकांना ऐका, कानात क्लिक (लय धरून ठेवणारी यंत्राची टकटक) ठेवू. मग कुणाचा एखादा सूर चुकला तर तेवढाच दुरुस्त करता येईल. त्यांच्या बाजूने हे सोयीचं आहे हे मला कळतं. पण आमचा ड्रमर क्लिकला साफ नकार देतोय, आणि खरं सांगायचं तर माझंही मन घेत नाहीये. सॅक्सचा सोलो तापला की आम्ही चौघंही किंचित पुढे सरकतो. बेसचा सोलो आला की सगळं जरा सैलावतं. कुणी कुणाला खूण करत नाही, ते आपसूक होतं, आणि आमच्या वाजवण्यात मला सगळ्यात जास्त जीव त्याच्यातच वाटतो.

दुसरीकडे असंही वाटतं की हा पहिलाच अल्बम, लोक यावरूनच आम्हाला ओळखणार. ढिसाळ झाला तर?

ज्यांनी हे केलंय किंवा ज्यांचा कान तयार आहे त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा. पुढे प्रकाशनाबद्दलही विचारायचं आहे, ते याच धाग्यावर विचारेन.

---

चुंबकीय_फीत

अभिनंदन! माझं मत सरळ सांगतो. एका खोलीत, क्लिकशिवाय, आणि जमलं तर हेडफोनशिवायही. आयुष्यभर हेच काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका खोलीत वाजवलं की प्रत्येक माइकमध्ये इतरांचाही आवाज शिरतो. याला ब्लीड म्हणतात आणि हल्ली त्याची फार धास्ती घेतली जाते. ड्रम्सचा आवाज तीन मीटरवरच्या पियानोच्या माइकमध्ये साधारण नऊ मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढा उशीर कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही, त्यातून जागेचा खोलपणा जाणवतो. खरा धोका फेजचा आहे. तोच आवाज दोन माइकमध्ये जवळजवळ सारख्याच जोराने आणि थोड्या फरकाने पोचला तर मिसळताना काही सूर खाल्ले जातात. त्यासाठी जुना ठोकताळा असा : माइक त्याच्या वाद्यापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतर त्या माइकपासून दुसऱ्या माइकपर्यंत ठेवा. सॅक्सचा माइक घंटेच्या, म्हणजे पुढच्या रुंद टोकाच्या, अगदी तोंडाशी लावू नका. त्या वाद्याचा आवाज किल्ल्यांखालच्या छिद्रांमधूनही येतो, त्यामुळे हातभर अंतरावरून पूर्ण सॅक्स ऐकू येतो.

पियानोचं झाकण जिकडे उघडतं ती बाजू ड्रम्सच्या विरुद्ध दिशेला असू द्या. झाकण अर्ध्या काठीवर ठेवून वर जाड पांघरूण टाकलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि लक्षात घ्या, ज्या रेकॉर्ड ऐकून आपण जॅझच्या प्रेमात पडलो त्यातल्या बहुतेक अशाच झाल्यात. साउंड इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर यांनी ब्लू नोट या कंपनीच्या कितीतरी रेकॉर्ड न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात केल्या. दिवसा ते डोळे तपासायचं काम करत! १९५९ मध्ये त्यांनी एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. कोलंबिया कंपनीचा न्यू यॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरचा स्टुडिओ तर मुळात चर्च होता. या जागांचा आवाज त्या संगीताचाच भाग झाला.

---

उलटी_तिहाई

काकांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडी दुसरी बाजू मांडतो.

ती मंडळी आठवड्यातल्या बहुतेक रात्री वाजवत होती. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या क्विंटेटने (पाच जणांच्या संचाने) १९५६ मध्ये ११ मे आणि २६ ऑक्टोबर अशा दोन दिवसांत प्रेस्टीज कंपनीसाठी चार अल्बमांचं संगीत वाजवून दिलं, हे खरंच. पण ते सगळं त्यांनी क्लबांमध्ये आधीच घासून घेतलेलं होतं. आपल्यासारखे लोक नोकरी सांभाळून तालमी करतात. खोली चांगली नसेल तर राइड सिंबल (ड्रमर ज्यावर ताल धरतो ती मोठी झांज) सगळ्या माइकमध्ये भरून राहील आणि मग मिक्समध्ये बेस वर घेतला की सिंबलही वर येईल. त्यातून सुटका नाही.

क्लिक नको, हे मान्य. पण निदान ड्रम्स वेगळ्या खोलीत, मध्ये काच, नजरानजर शाबूत, असा मधला मार्ग का नको?

---

मंद्रसप्तक

मी डबल बेस वाजवते, म्हणून या वादात माझा जीव अडकलाय :) कारण एका खोलीत वाजवलं की पहिला बळी बेसचाच जातो.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण टोरांटोच्या मॅसी हॉलचं. १५ मे १९५३. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस, मॅक्स रोच. पाचही जण आपापल्या वाद्यातले शिखर. ध्वनिमुद्रणात बेस इतका दबला होता की मिंगसने नंतर स्टुडिओत बसून स्वतःचा बेस पुन्हा वाजवून त्यावर चढवला. माहीत असेल तर तो वरून चढवल्याचं ऐकू येतं.

त्यामुळे @पाचवी_पट्टी, तुमच्या बेसवाल्यांना दोन गोष्टी नक्की सांगा. एक, फक्त पिकअपवर (वाद्यालाच लावलेलं, कंपनं टिपणारं साधन) विसंबू नका. पिकअपमधून बेस रबरासारखा येतो, लाकूड येत नाही. घोडीच्या जरा वर, बोटं तार सोडतात तिकडे रोख ठेवून एक चांगला कंडेन्सर माइक हवाच. पिकअप वेगळ्या ट्रॅकवर राहू दे, लागला तर आधाराला. दोन, बेस आणि ड्रम्स एकमेकांपासून लांब ठेवायचा मोह होईल, तो टाळा. बेसवाल्याला राइडची काठी डोळ्यांनी दिसली पाहिजे. मध्ये कमरेएवढा आडोसा उभा केला तर माइक वाचतो आणि नजरही राहते.

आणि ड्रमरला सांगा की खोलीत बेस कमी ऐकू येत असेल तर वाजवणं हलकं करायचं. हेडफोन नसण्याचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे. चौघांचा तोल खोलीतच साधला जातो, मिक्सला फारसं काही उरत नाही.

---

निव्वळ_श्रोता

वाचतोय. फार सुंदर धागा.

मी काहीच वाजवत नाही, फक्त ऐकतो, पण मंद्रसप्तक यांच्या शेवटच्या मुद्द्यावर भर घालावीशी वाटते. माइकच्या आधी, भोंग्यात वाजवायच्या काळात सगळा तोल अंतरावरच होता. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडने जेनेट कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं तेव्हा तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका दणदणीत होता की त्याला बाकीच्यांपासून लांब उभं केलं होतं, असं सांगतात. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये आलं. तोवर कोण किती पावलं मागे उभा राहतो हाच मिक्स!

एक प्रश्न मात्र आहे. सोलो किती लांब ठेवणार? प्रत्यक्ष मैफलीत दहा मिनिटांचा सोलो मी जीव कानात आणून ऐकतो. घरी तोच ऐकताना कधीकधी लक्ष उडतं. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, आणि त्या तीन मिनिटांत पार्करने जे सांगितलं ते आजही पुरून उरतं.

---

पाचवी_पट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद चौघांनी एकत्र बसून वाचले.

ठरलं ते असं : एक मोठी खोली, लाकडी जमीन, क्लिक नाही, आडोसे आहेत, हेडफोन फक्त सॅक्सवाल्याला हवा असेल तर एका कानावर. उलटी_तिहाई, तुमचा सिंबलचा मुद्दा आमच्या ड्रमरने मनावर घेतलाय. तो जास्त गडद, कमी घणघणणारा राइड आणणार आहे.

@निव्वळ_श्रोता, सोलोंबद्दल तुमचं म्हणणं पटलं. दोन रचनांमध्ये पियानोचा सोलोच काढून टाकला. तिथे सॅक्सने सांगायचं ते सांगून झालेलं असतं, आणि मी केवळ पाळी आली म्हणून वाजवत होते.

टेक (एकच रचना पुन्हा पुन्हा वाजवून केलेली ध्वनिमुद्रणं) निवडायचे कसे, यावर कुणी लिहील का?

---

चुंबकीय_फीत

त्याच दिवशी निवडू नका. वाजवून झाल्यावर लगेच प्रत्येकाला फक्त स्वतःचं वाद्य ऐकू येतं. चार-सहा दिवस जाऊ द्यात.

मग ऐकताना असं करा : प्रत्येकाने स्वतःला सोडून उरलेल्या तिघांवर मत द्यायचं. सॅक्सवाल्याला स्वतःचा निसटलेला सूर बोचत असतो, पण त्याच टेकमध्ये बेसने त्याला कसं उचलून धरलंय ते त्याला ऐकूच येत नाही.

जोडकाम करता येतं, पण एका खोलीत वाजवलं असेल तर चौघांचं मिळूनच कापावं लागतं. लय दोन्ही टेकमध्ये सारखी असेल आणि सिंबलची आस त्या जागी लांबत नसेल, तर मूळ चाल संपून सोलो सुरू होतो तिथे सांधा बेमालूम बसतो. सोलोच्या मध्यात मी कधीच कापत नाही. संकलनाबद्दल माझं वैर नाही. १९६९ मध्ये निर्माते टिओ मसेरो यांनी माइल्सच्या फिती कापून, तेच तुकडे पुन्हा जोडून पूर्ण रचना उभ्या केल्या, आणि त्या थोर आहेत. पण ती रचनेची वेगळी रीत झाली. तुम्हाला तुमच्यातला संवाद पकडायचा आहे, तो सलगच हवा.

आणखी एक. पियानो रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी लावून घ्या आणि जेवणानंतर पुन्हा तपासून घ्या. खोलीत माणसं आणि दिवे आले की तो उतरतो किंवा चढतो. दोन सत्रांतले टेक सुरात जुळले नाहीत तर सांधा विसराच.

---

सिंकोपा

मी उशिरा आले धाग्यावर. काकांच्या सुराच्या मुद्द्याला जोडून : १९५९ चा माइल्सचा तो जगप्रसिद्ध अल्बम ‘काइंड ऑफ ब्लू’, ज्याची दोन सत्रं २ मार्च आणि २२ एप्रिलला झाली, त्याची पहिली बाजू कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात विकली जात होती. पहिल्या सत्राला मूळ फितीचं यंत्र थोडं हळू फिरत होतं, त्यामुळे बरोबर वेगात वाजवलं की सगळं वर चढायचं. १९९२ च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. तोवर कित्येकांनी त्या रेकॉर्डबरोबर सराव करताना आपलंच वाद्य उतरलंय असं समजून ते चढवलं असेल!

आजच्या काळात याचा भाऊ म्हणजे सॅम्पल रेटचा (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे त्या आकड्याचा) घोळ. ४८ किलोहर्ट्झची फाइल कुणी ४४.१ समजून वाजवली तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने खाली येतो आणि लयही मंदावते. स्टुडिओ, मिक्स, मास्टरिंग (प्रकाशनाआधीचा शेवटचा हात) सगळीकडे एकच आकडा लिहून द्या. २४ बिट घ्या आणि रेकॉर्डिंगची पातळी भरपूर खाली ठेवा.

---

पाचवी_पट्टी

रेकॉर्डिंग झालं!

सगळं लिहीत बसत नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका संथ रचनेत ड्रमर सुरुवातीपासून ब्रशवर होता. माझ्या सोलोच्या दुसऱ्या आवर्तनात मी अचानक डाव्या हाताचे कॉर्ड पूर्ण थांबवले, का ते माहीत नाही, तसं ठरलेलं नव्हतं. एका टेकमध्ये तिथे ड्रमरही थांबला. ब्रश स्नेअरच्या कातड्यावर ठेवल्याची हलकी सळसळ, मग काठ्या उचलल्याचा टक असा आवाज, आणि तेवढा वेळ फक्त बेस चालतोय. चार मात्रांनी राइड आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या टेकमध्ये माझी बोटं जास्त स्वच्छ पडलीयत. काकांच्या पद्धतीने मत घेतलं तेव्हा तिघांनीही पहिल्यालाच बोट दाखवलं. काठ्यांचा आवाज काढायचा का, असं साउंड इंजिनिअरने विचारलं. आम्ही नको म्हटलं.

आता मिक्स चालू आहे. मास्टरिंगला आवाज किती मोठा ठेवायचा, आणि प्रकाशन स्वतः करायचं की लेबल (रेकॉर्ड कंपनी) शोधायचं, हे दोन प्रश्न उरलेत.

---

उलटी_तिहाई

वा! तो आवाज ठेवलात हे फार बरं केलंत. वेगळ्या खोलीत ड्रम्स असते तर हे झालं नसतं, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

मोठ्या आवाजाच्या मागे अजिबात लागू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा भासतो त्याचं माप) आसपास आणून वाजवतं, अ‍ॅपल म्युझिक उणे १६ च्या. तुम्ही दाबून दाबून मोठं केलंत तर ते खाली आणणारच, आणि हातात राहील फक्त चेपलेला स्नेअर. ट्रू पीक (आवाजाचं खरं टोक) उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा आणि बाकी चढउतार जसे वाजवलेत तसे राहू द्या. तुमची संथ रचना वेगवान रचनेपेक्षा हळू ऐकू आली पाहिजे. मास्टरिंग करणाऱ्याला पूर्ण अल्बम एकत्र द्या, एकेक ट्रॅक सुटा देऊ नका.

---

सिंकोपा

लेबलबद्दल : मिळालं तर चांगलंच, कारण चांगलं लेबल पैशापलीकडेही काही देतं. ब्लू नोट कलावंतांना तालमींचेसुद्धा पैसे द्यायचं, आणि ती तयारी त्यांच्या रेकॉर्डमध्ये ऐकू येते. पण लेबल मिळेपर्यंत अल्बम कपाटात ठेवू नका. मंद्रसप्तक यांनी ज्या मॅसी हॉलच्या मैफलीबद्दल लिहिलं ती मिंगस आणि रोच यांनी स्वतःच्याच लेबलवर काढली होती. १९५२ मध्ये सुरू केलेलं ते लेबल, नाव डेब्यू. वादकांनी मालकी आपल्याकडे ठेवायची ही वाट नवी नाही.

मालकीबद्दल कळकळीने सांगते. हक्क दोन असतात : रचनेचा वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. पियानोवादक हर्बी हॅनकॉकने १९६२ मध्ये पहिला अल्बम केला तेव्हा ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्डच्या सल्ल्याने रचनांचे प्रकाशनहक्क लेबलला न देता स्वतःकडे ठेवले. त्यातली एक रचना तालवादक मोंगो सांतामारियाने वाजवली आणि पुढच्याच वर्षी ती प्रचंड गाजली. ते हक्क गेले असते तर त्याच्या हाती काय लागलं असतं, विचार करा.

तुमच्या सहा रचनांवर कुणाचं किती नाव, हे चौघांनी आजच लिहून सह्या करा, मैत्री आहे म्हणूनच. दोन स्टँडर्डच्या बाबतीत मूळ संगीतकाराचं नाव अचूक द्या आणि परवाना आधी घ्या. सोलो तुमचा असला तरी चाल त्यांची आहे.

---

पाचवी_पट्टी

सिंकोपाताई, सह्या झाल्या. खूप आभार. मुखपृष्ठावर वादकांची नावं वाद्यांसकट पुढेच छापणार आहोत, आणि मागे साउंड इंजिनिअर आणि पियानो लावणाऱ्यांचंही नाव असेल.

प्रकाशन स्वतःच करतोय, डिजिटल आणि थोड्या विनाइल प्रती. पण एकूण संगीत पन्नास मिनिटांचं झालंय. विनाइलवर बसेल का?

---

चुंबकीय_फीत

बसेल, पण बसवू नका. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीवर एका बाजूला वीस मिनिटांच्या आत राहिलात तर खाच रुंद राहते, आवाज भरदार येतो. पंचवीस मिनिटं कोंबली तर पातळी खाली आणावी लागेल आणि खरखर वर येईल. एक-दोन रचना फक्त डिजिटलला ठेवा.

क्रमही विनाइल डोळ्यापुढे ठेवून लावा. तबकडी एकाच गतीने फिरते, पण आतल्या वर्तुळाचा परीघ लहान, त्यामुळे सुईखालून सरकणारी खाच कडेच्या निम्म्याहूनही कमी वेगाने जाते. तार सप्तकातला सॅक्स आणि सिंबल तिथे फाटतात. म्हणून प्रत्येक बाजूच्या शेवटी शांत रचना हवी.

डिजिटलसाठी प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी (त्या ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक) लागतो, बारा अक्षरी असतो. तो मास्टरिंगच्या आधीच तयार ठेवा.

---

मंद्रसप्तक

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. मी म्हणेन त्याहून बरंच आधी चढवा, म्हणजे नावात किंवा क्रेडिटमध्ये चूक निघाली तर सुधारायला वेळ मिळेल. कुठली रचना पुढे करणार?

---

पाचवी_पट्टी

ती काठ्या उचलल्याच्या आवाजाची. संथ आहे, पहिली म्हणून पुढे करायला लोक वेगवान रचना निवडतात हे माहीत आहे, पण चौघांचंही एकमत झालं. विनाइलवर पहिल्या बाजूच्या शेवटी तीच येतेय. दोन स्टँडर्डपैकी लांबडी आणि आमची एक वेगवान रचना फक्त डिजिटलला जातील. म्हणजे दोन्ही बाजू वीसच्या आत.

काका, कारखान्याकडून चाचणी प्रत आली की नेमकं काय ऐकायचं?

---

चुंबकीय_फीत

आधी दोन्ही बाजूंची शेवटची पाच मिनिटं ऐका, सॅक्स फाटतोय का बघा. मग प्रत्येक बाजूची सुरुवात, आणि रचनांमधल्या शांत जागा. टक्-टक् आवाज आला तर त्याची वेळ लिहून ठेवा आणि दुसऱ्या चाचणी प्रतीत त्याच वेळेला येतो का ते तपासा. दोन्हीत येत असेल तर दोष साच्यात आहे, छपाई थांबवायला सांगा. एकाच प्रतीत असेल तर फार चिंता नको. आणि एकाच प्लेअरवर ऐकून निर्णय घेऊ नका, एखादा साधा, स्वस्तातलाही वापरून बघा.

तुमच्या त्या काठ्या मात्र खऱ्या आहेत हे कारखान्याला आधीच कळवा, नाहीतर ते दोष समजून तुम्हालाच फोन करतील.